चिलटांचा सापळा आणि मैनेची दोरी

जावयाने गोठ्यात सापळा टांगला तेव्हा सासरेबुवांनी आधी त्याचं बटण कुठे आहे ते पाहून घेतलं. जावई जनावरांचा डॉक्टर, पण आजकाल जनावरं सोडून त्यांना चावणाऱ्या चिलटांच्या मागे लागलेला. सापळा म्हणजे वर जांभळट दिवा, त्याभोवती बारीक जाळी, आत पंखा आणि खाली साबणाच्या पाण्याची बरणी. दिव्याला भुलून चिलटं येणार, पंखा त्यांना खाली ओढणार. चिलटांमुळे जनावरांत ताप पसरत होता, म्हणून यंदा नियमच झाला होता: गोठ्यातली चिलटं गायीला चावत नाहीत हे सिद्ध झाल्याशिवाय गाय प्रदर्शनाला न्यायची नाही.

आणि सासरेबुवांचा जीव त्या प्रदर्शनात अडकलेला. आपल्या मैना गायीची दोरी धरून, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, अख्ख्या मैदानाला एक फेरी मारायची, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. दरवर्षी ती फेरी शेजारी मारायचा आणि वर्षभर कुंपणापलीकडून मिशीत हसायचा.

त्यांनी सरळ हिशेब केला. दिवा नाही तर चिलट नाही. जावयाची पाठ वळताच त्यांनी बटण बंद केलं आणि गाढ झोपले. सकाळी बरणीतलं पाणी इतकं नितळ होतं, की जावई बराच वेळ त्यात स्वतःचाच चेहरा बघत राहिला.

"मामा, हा गोठा आहे की ऑपरेशन थिएटर? एक साधा किडा नाही?"

"स्वच्छता ठेवतो आम्ही," सासरेबुवा म्हणाले. मागे शेण काढत असलेल्या सासूबाईंनी त्या 'आम्ही'कडे एकदा नीट पाहिलं.

रिकामी बरणी पुरावा म्हणून धरत नाहीत म्हणे. सापळा पुन्हा लागला. आता किडे तर हवेत, पण चावणारे नकोत. सासरेबुवांनी बटण पुन्हा बंद केलं आणि मग ओसरीतल्या ट्यूबखालचे पतंग गोळा केले, ओट्यामागचं काय काय झाडून आणलं आणि बरणीत ओतलं. सकाळी जावयाने चिमट्याने एक भलंमोठं झुरळ वर काढलं.

"मामा, या जाळीतून मुंगीसुद्धा अंग चोरून जाते. हे कसं आलं?"

सासरेबुवा म्हणाले, आजकाल झुरळंही फार पुढे गेलीत. जावई सासऱ्याला बोलणार काय? बिचाऱ्याने एवढंच सांगितलं, की आता एकच रात्र उरली आहे आणि या वेळी तरी सापळ्याला हात लावू नका.

सासरेबुवांनी शब्द पाळला. सापळ्याला हात लावला नाही. पण मैनेला हात लावू नका असं कुठे कोण म्हणालं होतं? त्यांनी घरातल्या दोन्ही मच्छरदाण्या काढल्या, एकमेकींना टाके घालून जोडल्या आणि मैनेला नवरीसारखी त्यात बसवली. मैनेने कोपरा चघळायला घेतला. तेव्हा तिच्यावर नजर ठेवायला सासरेबुवा स्वतः बाहेर स्टुलावर बसले. उकडत होतं, म्हणून सदरा काढून. सापळ्याच्या दिव्याखालीच, म्हणजे मैना नीट दिसेल.

त्या दिव्याने पंचक्रोशीतल्या चिलटांना आवतण दिलं. सगळी आली. मैनेला हुंगून पाहिलं, जाळी लागली, आणि मग समोर मांडून ठेवलेलं ताट गोड मानून घेतलं. सकाळी बरणी काळीकुट्ट होती आणि सासरेबुवांचे डोळे दोन बारीक फटी झाले होते. काळी बरणी पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. तिथेही सूज होती.

प्रयोगशाळेतून जावई संध्याकाळी आला तो ओठ घट्ट मिटून. हसू दाबत होता.

"चिलटं रक्त पिऊन टम्म होती, मामा. आम्ही तपासलं ते कुणाचं."

"मैनेचं," सासरेबुवा खोल आवाजात म्हणाले.

"माणसाचं. सगळंच्या सगळं. मैनेला एक डंख नाही. तिला परवानगी मिळाली."

सासरेबुवांना आनंदाने रडू आलं, पण सुजेतून ते कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते सदरा घालून, चाचपडत गोठ्यात गेले. मैनेने तो चेहरा पाहिला आणि चार पावलं मागे सरली. त्यांनी गोंजारलं, चुचकारलं. ती भिंतीला जाऊन चिकटली. हा कोण भलताच माणूस, असंच तिच्या डोळ्यांत होतं. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. शेवटी सासूबाईंनी पदर खोचला आणि दोरी हातात घेतली. मैना निमूट त्यांच्या मागे चालू लागली.

सासरेबुवांचा चेहरा पडला. म्हणजे जेवढा पडू शकत होता तेवढा. तरी त्यांनी दारातून ओरडून सूचना द्यायला सुरुवात केली: दोरी सैल धर, उजव्या बाजूने चाल, वळणावर घाई करू नकोस. अगं, जनावर हाताळायचं म्हणजे काही खेळ नव्हे.

सासूबाई टेम्पोपाशी थांबल्या.

"अहो, इतकी वर्षं तिला रोज पाण्यावर कोण नेतंय? चिलटं?"