बरणी क्रमांक पाच: मयत

निवृत्तिवेतन कार्यालयाचं सांत्वनपत्र आलं तेव्हा मयत गृहस्थ समोरच बसून चहात बिस्किट बुडवत होते.

काकूंनी पत्र एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि नवऱ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की त्यांचं बिस्किट तुटून चहात पडलं.

"काय गं? काय झालं?"

"तुम्ही वारलात," काकू म्हणाल्या. "गेल्या मंगळवारी सकाळी."

"काहीतरीच काय!"

"मी नाही म्हणत, हे म्हणतायत. 'आपले पती मयत झाल्याचे त्यांनी स्वतःच्या सहीनिशी कळविल्यावरून...' अहो, हे कधी कळवलंत? मला एका शब्दानं बोलला नाहीत."

एरवी हयातकाका हसले असते. पण 'मंगळवारी सकाळी' हे शब्द कानावर पडले आणि त्यांचा हात कपाभोवती गार पडला. कारण गेल्या मंगळवारी सकाळी मागच्या खोलीत खरोखरच काहीतरी थांबलं होतं.

हयातकाका हे नाव त्यांना कार्यालयानंच दिलं होतं. बत्तीस वर्षं ते तिथल्या चार नंबरच्या खिडकीत बसले. निवृत्त माणसानं दरवर्षी त्या खिडकीशी येऊन आपण जिवंत असल्याचं लिहून द्यायचं. फॉर्मवर दोन चौकोन, एक 'हयात' आणि एक 'मयत'. पहिल्यात खूण, खाली सही, की पुढचं वर्षभर जगायला मोकळं. दुसऱ्या चौकोनात खूण करून कुणी स्वतः सही केल्याचं बत्तीस वर्षांत घडलं नव्हतं. तो चौकोन तिथं का आहे, हे विचारायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना निरोपाचं भाषण मिळालं आणि एक भिंतीवरचं घड्याळ. फॉर्मचा नमुना त्याच महिन्यात बदलला होता. जुन्या नमुन्याचा कोरा गठ्ठा रद्दीत निघाला, तो काकांनी उचलून घरी आणला. चांगला कागद टाकवेना, एवढंच.

मग दिवस खायला उठू लागले, तेव्हा ते घरच्या घरी वाइन करायला शिकले. मागच्या खोलीत फळीवर काचेच्या पाच मोठ्या बरण्या आल्या, शेजारी एक रिकामी, जास्तीची. प्रत्येकीच्या तोंडाला बूच, बुचात वाकडी नळी, नळीत घोटभर पाणी. आत फळांचा रस आंबायचा आणि वायू त्या पाण्यातून वाट काढत बाहेर यायचा. बुडुक. थोडा वेळ शांतता. बुडुक. पाचही बरण्यांची चाल वेगळी होती. एक घाईघाईनं, एक रेंगाळत, एक मध्येच अडखळून. दार लोटून बाहेर उभं राहिलं, की आत पाच माणसं झोपली आहेत आणि त्यातल्या एकाला दमा आहे, असं वाटायचं.

बरण्यांची नोंद ठेवायला तो गठ्ठा आयताच हाताशी होता. पण फॉर्म म्हटला की नाव लागतं. नावाशिवाय फॉर्म भरणं काकांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. म्हणून कार्यालयातल्या जुन्या माणसांवरून एकीला हेडक्लार्क केलं, दुसरीला भांडारपाल, तिसरीला टंकलेखिकाबाई, चौथीला मोठे साहेब. पाचव्या बरणीपाशी नात येऊन उभी राहिली. ती पाच वर्षांची. आईबाबा कामावर गेले की दिवसभर आजी-आजोबांकडेच असे.

"आजोबा, तुमची कुठाय?"

"मला कशाला हवी?"

"सगळ्यांची आहे ना पण!" म्हणत तिनं वाकड्यातिकड्या अक्षरांत 'आजोबा' लिहिलं आणि चिठ्ठी चिकटवली. फॉर्मवर मात्र आजोबा चालत नाही. काकांनी आपलं पूर्ण नाव घातलं, पत्ता घातला, निवृत्तिवेतनाचा क्रमांकसुद्धा घातला.

दर मंगळवारी सकाळी ते घड्याळ लावून बसत. बुडबुडा आला तर 'हयात', तासभर नाही आला तर 'मयत'. तारीख, सही.

पहिली थांबली ती हेडक्लार्कची बरणी. दुसऱ्याच दिवशी फोन आला, की हेडक्लार्क गेले. वय शहाऐंशी होतं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पुढच्या महिन्यात भांडारपाल मंगळवारी थांबला आणि गुरुवारी बातमी आली. योगायोग, असं काकांनी स्वतःला बजावलं. पण तेव्हापासून त्या खोलीत शिरताना ते चपला काढेनासे झाले. पळायची वेळ आली तर बरं.

आणि गेल्या मंगळवारी पाच नंबर गप्प.

एक तास झाला. काकांनी आणखी अर्धा तास दिला, जो त्यांनी आयुष्यात कुणाला दिला नव्हता. नळीतलं पाणी आरशासारखं स्थिर होतं आणि त्यात त्यांचाच एक डोळा त्यांच्याकडे बघत होता. पण बत्तीस वर्षांची सवय भीतीहून मोठी होती. त्यांनी 'मयत'वर खूण केली, सही ठोकली, फॉर्म टेबलावर ठेवला आणि अंग मोडून आल्यासारखं वाटलं म्हणून पडून राहिले.

"मग मीच नेऊन दिला तो!" सगळं ऐकल्यावर काकूंच्या आता लक्षात आलं. "तुमची पाठ धरली होती, हयातीच्या दाखल्याची मुदत संपत आली होती. टेबलावर फॉर्म, फॉर्मवर तुमचं नाव, खाली तुमची सही. खिडकीतही कुणी जुना नमुना म्हणून अडवलं नाही. मला काय स्वप्न पडलं होतं, तुम्ही बरण्यांचे दाखले काढता म्हणून?"

"वाचायचा तरी!"

"बत्तीस वर्षं तुम्ही वाचत होतात का?" काकूंनी पाकिटातून दुसरा कागद काढला. "हे बघा, विधवेचाही फॉर्म पाठवलाय. तुमच्यामागं मला निम्मं मिळणार म्हणे."

काका तसेच उठले आणि कार्यालयात गेले.

कार्यालयाला हल्ली माणूस आला की आपोआप उघडणारं काचेचं दार बसवलं होतं. काका समोर उभे राहिले. दार उघडलं नाही. ते मागे सरकून पुन्हा पुढे आले. काचेत त्यांची सावली होती, पण फार फिकी, पलीकडचा जिना तिच्यातून दिसत होता. शेवटी आतून एक बाई बाहेर पडल्या तेव्हा दार उघडलं आणि त्या काकांच्या अंगावरूनच गेल्यासारख्या निघून गेल्या. सॉरी नाही की काही नाही.

चार नंबरच्या खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिनं क्रमांक टाइप केला.

"हे मयत आहेत."

"मीच तो," काका म्हणाले.

"मयत व्यक्तीचा अर्ज मयत व्यक्तीकडून घेता येत नाही."

"अगं मुली, मी तुझ्यासमोर उभा आहे! बोलतोय तुझ्याशी!"

मुलीनं वरही न बघता मागच्या भिंतीकडे पेन दाखवलं. तिथं एक पिवळी पडलेली पाटी होती. 'समोर उभा असलेला माणूस हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे कागद.' अक्षर वळणदार आणि ओळखीचं होतं. खाली सहीही ओळखीची होती. काकांनी ती पाटी निवृत्तीच्या अकरा वर्षं आधी मोठ्या हौसेनं लिहिली होती.

"तपासनीस येतील घरी," मुलगी म्हणाली. "तोवर थांबा."

"कुठल्या बाजूला थांबू?" काकांनी विचारलं. ती एकदम वर बघून दचकली, जणू आवाज कुठून आला हे तिला आत्ताच कळत होतं.

घरी येताना दुकानदारानं रोजच्यासारखा हात केला नाही. कोपऱ्यावरचं कुत्रं भुंकलं नाही. दुकानदार हिशेबात होता आणि कुत्रं झोपलं होतं, पण काकांनी ते धरलं नाही. दोनदा त्यांनी स्वतःची नाडी बघितली. दोन्ही वेळा ती सापडायला वेळ लागला.

तपासनीस शुक्रवारी दुपारी आले. उंच, वाळकी मूर्ती. बोलणं इतकं हळू, की ऐकायला पुढं वाकावं लागे. त्यांनी काकांकडे पाहिलंच नाही. काकूंसमोर बसून विचारलं, "प्रेत कुठं आहे?"

"हे काय, खुर्चीत बसलंय," काकू म्हणाल्या. "साखर कमी घालते त्यांना. तुमच्या चहात किती?"

"बाई, मला कागदावरचं बघावं लागतं. अर्जदारानं स्वतः 'मयत' लिहून दिलंय. आता तीन महिने चौकशी होईल. तोपर्यंत त्यांनी मयतच राहिलेलं बरं. मध्येच जिवंत झाले तर फाइल गुंतते."

"तीन महिने!" काकांचा आवाज चिरकला. "हो, पण मी जगतोय ना!"

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. बुडुक.

तपासनीसांची पेन्सिल थांबली. "आत कोण आहे?"

"कुणी नाही."

बुडुक. आणि मग दुसऱ्या कोपऱ्यातून, रेंगाळत, बुडुक.

तपासनीस उठले. खोलीत अर्धवट अंधार होता. एका झरोक्यातून उन्हाचा पट्टा आला होता, त्या पट्ट्यात बरणी क्रमांक पाच ओढून घेऊन नात तिला मिठी मारून बसली होती. बरणीला तिनं आपलं लोकरीचं जुनं स्वेटर घातलं होतं. बाह्या दोन्ही बाजूंना लोंबत होत्या.

"आजोबांना थंडी वाजत होती," ती कुजबुजली. "आता बघा, उठले."

नळीतलं पाणी थरथरलं. बुडुक.

हयातकाकांनी भिंतीचा आधार घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना पोटभर श्वास आला.

तपासनीस मात्र फळीकडे बघत होते. हेडक्लार्क. भांडारपाल. दोन्ही बरण्या निश्चल, तळाशी करडा गाळ, समोर पूर्ण नावांचे फॉर्म.

"ही नावं... हे दोघे आमच्या यादीतून याच वर्षी गेले." त्यांचा आवाज होता त्याहून खाली गेला. "बरणी आधी थांबली, की माणूस?"

"बरणी," काकूंनी बिनधास्त सांगितलं. "हेडक्लार्क एका दिवसात, भांडारपाल दोन."

"आणि ती रिकामी कुणाची?"

त्या रिकाम्या, धुऊन ठेवलेल्या सहाव्या बरणीकडे नातही बघत होती. पाहुण्यांचं काही राहून जायला नको, असं तिला आजीनं शिकवलं होतं. तिनं खडू घेतला, जीभ बाहेर काढून चिठ्ठीवर तीन अक्षरं लिहिली आणि ती बरणीवर थापटून बसवली.

'साहेब'.

"ही तुमची," ती म्हणाली. "आजोबा, यांच्यात रस घाला ना."

खोलीत तीनच बरण्या श्वास घेत होत्या आणि चौथं कुणीही नाही. मग तपासनीसांनी खिशातून शिक्का काढला. फाइल दाराच्या चौकटीवर टेकवून त्यांनी तिथंच 'हयात' लिहिलं, खाली सही केली, आणखी एक सही केली आणि तारीख दोनदा घातली.

"रस ताजा घ्या," ते निघता निघता काकांच्या कानाशी म्हणाले. त्यांच्याकडे ते पहिल्यांदाच सरळ बघत होते. "आणि... गार पडू देऊ नका."

तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी फोन येऊ लागला. कधीकधी तपासनीस स्वतःच यायचे, सोबत साखरेची पिशवी असायची. ते खोलीच्या उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे राहत. काका घड्याळ लावत, मोजत, जुना फॉर्म भरत.

"सही नीट ठोका, काका."

"समोर उभं राहिलात म्हणून काही होत नाही, साहेब. कागद बघूनच सांगेन."

थंडी वाढली. एका मंगळवारी फोन वाजला तेव्हा काकांनी तपासनीस साहेबांच्या बरणीकडे पाहिलं. पाणी स्थिर होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"काका?" फोनमधून आवाज आला. "काय दिसतंय?"

"थांबा जरा. मोजतोय."

घरात लहान स्वेटर एकच होतं आणि ते पाच नंबरच्या अंगात होतं. काकांनी ते क्षणभर नुसतं हातात धरलं. मग बाह्या सोडवून ते काढलं, साहेबांच्या बरणीला चढवलं आणि दोन्ही तळवे काचेला लावून खाली बसले. फोन खांद्यात धरला होता. पलीकडून कुणीतरी श्वास घेताना ऐकू येत होतं. खूप वेळानं नळीत एक इवलासा बुडबुडा आला, इतका बारीक, की बत्तीस वर्षांत त्यांनी असला पुरावा कधी धरला नसता.

"हयात," काका म्हणाले. फोनमधून एक लांब सुस्कारा आला.

मग त्यांनी भीत भीत मागे पाहिलं. पाच नंबर उघडी पडली होती, तिची चाल मंदावली होती. आणि काकू अंगावरची शाल काढून तिच्याभोवती घट्ट गुंडाळत होत्या.

"तू तर असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाहीस ना?" काकांनी विचारलं.

"नाहीच ठेवत," काकूंनी गाठ मारली आणि तिच्यावर आणखी एक मारली. "पण निम्म्यावर माझं भागायचं नाही."