काळं कुरण आणि तुळसाआत्याचे दात

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना वाचनाचं वेड लागलं होतं. म्हणजे सगळे मिळून एकच पुस्तक वाचत होते. पण त्यालाही वाचनाचं वेडच म्हणतात.

पुस्तकाचं नाव 'काळं कुरण'. ते होतं तरुण जनावरांसाठी, पण वाचत होती म्हातारीसुद्धा. गोष्ट होती पुढे कधीतरी येणाऱ्या एका भयंकर जंगलाची. तिथे एक महाव्याघ्र राज्य करतो. दर पौर्णिमेला तो कुणाच्यातरी घरातलं एक पोर काळ्या कुरणावर बोलावतो आणि खातो. पोराला आधी सजवतात, वाजतगाजत नेतात, आणि त्याला बळी म्हणतात. एकदा ज्वाला नावाच्या हरिणीवर ही वेळ येते. ती कानात लाल पीस खोवते, महाव्याघ्राला 'नाही' म्हणते, आणि सगळं जंगल पेटून उठतं.

"बाई बाई, काय ते जंगल!" माद्या डोळे पुसत म्हणाल्या. "आपण किती सुखी!"

आता आपल्या या जंगलात काय चालायचं? तर दर अमावास्येला सिंहमहाराज कुणाच्यातरी घरातलं एक पोर गुहेपुढे बोलवायचे आणि खायचे. पण त्याला बळी नव्हते म्हणत. त्याला 'मान' म्हणत. शिवाय तिकडे पौर्णिमा, इकडे अमावास्या. तिकडे वाघ, इकडे सिंह. तेव्हा काही साम्य आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. तुम्ही हसू नका. तुमच्याही आलं नसतं.

या जंगलात तुळसाआत्या नावाची एक साळिंदर राहत होती. भावाच्या मागे भाची रेवूला तिनंच वाढवलं होतं. आत्या फार वाचायची, आणि वाचताना तिची एक खोड होती. साळिंदराच्या दातांना कुरतडायला काहीतरी लागतंच. पटलं नाही ते पान आत्या वाचता वाचता खाऊन टाकायची. आवडलेलं पान तेवढं शाबूत राहायचं. वाचक मंडळाचे अध्यक्ष चौशिंगे सर तिला पुस्तक देताना हात आखडायचे ते उगाच नाही.

पण रेवूनं हट्ट धरला. तिच्या कानात लाल पीस आधीच आलं होतं.

"आत्या, वाच तर खरं. तुला रडू येईल."

"दातांना काम मिळेल," आत्या म्हणाली, आणि वाचायला बसली.

पहिलं प्रकरण तिनं न्याहारीला संपवलं. दुसऱ्यात ज्वालेच्या मागे एक चितळ आणि एक सांबर, दोघंही लागलेले. हिला कळेना दोघांतला कोण हवा. महाव्याघ्र जबडा उघडून उभा, आणि ही आपली सांबराचे डोळे आठवतेय! "अगं, आधी पळ की!" आत्या ओरडली आणि ते प्रकरणही खाल्लं. दर चार ओळींनी ज्वालेचं काळीज धडधडायचं. हरणाचं काळीज धडधडणारच, त्यात सांगण्यासारखं काय, असं म्हणत आत्यानं तीही पानं पोटात घातली.

मग मधलं एक पान आलं.

त्या पानावर ज्वालेला न्यायला येतात. तिची आत्या तिचे कान चाटून स्वच्छ करते, अंगावरची गवताची कुसळं एकेक काढते आणि दारापर्यंत सोडायला जाते. बोलत मात्र काहीच नाही.

आत्यानं पंजानं डोळे पुसले. मग तिला स्वतःचाच राग आला. असल्या भिकार पुस्तकापायी रडायचं? आपलाच एक काटा उपटून तिनं समासात लिहिलं, 'ही आत्या आहे की खांब?' पण पान काही तिला खाववेना.

शेवटच्या प्रकरणाशीही ती अशीच अडली. सगळं जंगल धावून येतं आणि महाव्याघ्र पळत सुटतो. साफ खोटं. पण गोड होतं. खावं की ठेवावं ते ठरेना, म्हणून आत्यानं ते तसंच ठेवलं.

त्याच आठवड्यात महाराजांचा कारभारी कोल्हा बिळाशी आला. बरोबर चौशिंगे सर होते.

"अभिनंदन, तुळसाबाई! या अमावास्येचा मान तुमच्या रेवूला."

आत्यानं रेवूला मागे ओढून कवटाळलं. चौशिंगे सरांना वाटलं, आनंदानं.

"मंडळातर्फे आम्ही सगळे येणार," ते म्हणाले. "लाल पिसं लावून! रेवू आमची उत्साही सभासद. तिच्यासाठी एवढं तर केलंच पाहिजे."

"रीत ठाऊक आहे ना?" कोल्हा म्हणाला. "काटे सगळे काढून पाठवायचे. महाराजांच्या हिरड्या नाजूक आहेत. आणि महाराजांना पाठ दाखवायची नाही."

काटे काढायचे ते आत्यानंच. या जंगलात बारशाला नाव ठेवायचा हक्क आत्याचा, तसा हाही आत्याचाच.

"मी ज्वालेसारखं 'नाही' म्हणू का गं?" कोल्हा गेल्यावर रेवूनं विचारलं.

"ते पुस्तकात," आत्या म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तिला दुसरं काही सुचलंच नाही. मान नाकारलेलं घर तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

अमावास्येच्या सकाळी ती रेवूला बिळाच्या तोंडाशी घेऊन बसली. मानेवरचे काटे काढले. खांद्यावरचे काढले. कुशीतले काढले. पोर कळवळत होती, पण हूं की चूं करत नव्हती. आत्या खाली मान घालून एकेक काटा उपटत होती.

आत्याचा हात पाठीच्या मागच्या बाजूला आला. तिथले काटे सगळ्यांत जाड, सगळ्यांत टोकदार. तेवढ्यात रेवू हळूच म्हणाली, "ही आत्या आहे की खांब?"

आत्याचा हात थांबला. पोरीनं समास वाचला होता.

बाळांनो, टीका करणं सोपं असतं. आपलीच टीका आपल्याच भाचीच्या तोंडून ऐकायची वेळ आली म्हणजे कळतं. आत्याला ढसाढसा रडू आलं. तिनं रेवूचं नकटं नाक स्वतःच्या पोटाशी धरलं. मग डोळे पुसले आणि बोलली.

"हे मागचे राहू दे. महाराजांपुढे उलटी जा. पाठ करून जा, आणि अंग फुगव. आपली जात अशीच लढते. त्या ज्वालेला हे कुठलं ठाऊक!"

दुपारी गुहेपुढे ही गर्दी जमली. प्रत्येकाच्या कानात लाल पीस. मंडळानं 'काळं कुरण'मधलं झुंजीचं गाणं म्हटलं. "धीर सोडू नकोस, रेवू!" माद्या हुंदके देत ओरडल्या, आणि तिला जायला नीट वाट करून दिली.

महाराज डोळे मिटून, जबडा उघडून बसले होते. इतक्या वर्षांत त्यांना घास शोधावा लागला नव्हता. रेवू त्यांच्यापाशी गेली, वळली, फुगली आणि होती नव्हती ती ताकद लावून मागे धावली.

महाराजांनी जबडा मिटला.

मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. जिभेत काटे, ओठांत काटे, टाळ्यात काटे. महाराजांना डरकाळी फोडता येईना आणि तोंडही मिटता येईना. पंजानं काढायला गेले तर पंजातही घुसले. जंगलाचा राजा जमिनीवर लोळून मांजरासारखा रडू लागला.

रेवू धापा टाकत आत्यापाशी आली. सगळं जंगल महाराजांकडे बघत होतं.

आत्याच्या मनात पहिल्यांदाच त्या पुस्तकाबद्दल माया दाटली. आता जंगल पेटून उठणार, तिला वाटलं. शेवटचं प्रकरण खरं होणार! आपण किती नावं ठेवली बिचाऱ्या लेखकाला!

आणि खरोखर, चौशिंगे सर पुढे झाले. त्यांनी कानातलं लाल पीस काढून उंच धरलं. त्यांच्यामागून सगळं मंडळ धावलं.

"महाराज, जरा कळ सोसा," चौशिंगे सर म्हणाले. "अगदी हळू काढतो हं."

ते पिसानं महाराजांच्या हिरड्यांवर वारा घालू लागले. वानरानं जबडा धरला, मुंगूस आत शिरून काटे ओढू लागलं. ज्यांना जागा मिळाली नाही ते आत्याकडे बघून डोळे वटारू लागले.

"पाठ दाखवली! महाराजांना!"

"आता या अमावास्येला मान कुणाच्या घरात येईल, सांगा बरं! स्वतःपुरतंच बघतात मेले."

 रेवूला पुढे घालून आत्या बिळात शिरली. त्या बिळाचं दुसरं तोंड ओढ्यापलीकडे होतं, जिथे महाराजांची हद्द संपत होती. वाटेत तिनं पुस्तक उचललं आणि चालता चालता शेवटचं प्रकरण शांतपणे चावून गिळलं.

ओढ्याच्या अलीकडून चौशिंगे सरांची हाक आली. ते धावतच आले होते.

"आत्याबाई! पुस्तक मंडळाचं आहे! जमा करून जा!"

आत्यानं ते पलीकडून भिरकावलं. सरांनी उघडून पाहिलं. पुढेमागे नुसते पुठ्ठे आणि मध्ये दातांच्या खुणा.

"अहो, शेवटचं प्रकरणही खाल्लंत? तेच तर सगळ्यांत सुंदर होतं! सगळं जंगल एकदिलानं उठतं!"

"म्हणूनच खाल्लं," आत्या म्हणाली. "वाघ पटला होता मला. जंगल नाही पटलं."

"निदान एखादं तरी पान असेल ना शिल्लक?"

"मधलं एक आहे. ते देणार नाही," आत्या म्हणाली, आणि रेवूच्या उघड्या पडलेल्या मानेवर तेच पान पांघरून चालू लागली.

तात्पर्य : दुःखाची पुस्तकं जरूर वाचावीत आणि पोटभर रडावं. मात्र आपल्या घरी मान आला की काटे वेळेवर काढून ठेवावेत. नाहीतर आपल्याबरोबर रडलेल्या सज्जनांनाच ते राजाच्या तोंडातून काढत बसावं लागतं.