दोनशे तेरा गैरहजर

आधीच सांगून ठेवतो, बेंगळूरच्या आमच्या लष्करी कचेरीत कॉम्प्युटरवर बढतीची परीक्षा घ्यायची, ही कल्पना माझी! सन एकोणीसशे सहासष्ट. मल्लेश्वरमच्या आमच्या घरात तेव्हा साधा पंखा नव्हता, आणि मी, विश्वासराव, मुलकी परीक्षा अधिकारी, हवालदारांची लायकी यंत्राकडून मोजून घ्यायला निघालो होतो! बायको, अनुसूया, म्हणाली, "अहो, रेडिओवर स्टेशन लावायला तुम्हाला शेजारचे अण्णा लागतात." घरच्या माणसांना आपली किंमत नसते. मी सोडून दिलं.

पूर्वी तीन अधिकारी टेबलामागं बसायचे आणि समोर ताठ उभ्या असलेल्या हवालदाराला प्रश्न विचारायचे. त्यात आमच्या कचेरीतल्या परसूचा दोनदा बळी गेला होता. परसू खानापूरकडचा, हवालदार-क्लार्क. कामाला वाघ, पण कर्नलसाहेबांपुढं उभा राहिला की बोबडी वळायची! या मार्चअखेर नायब सुभेदार झाला नाही तर पेन्शन घेऊन थेट गावी. क्वार्टर जाणार, थोरल्या पोरीची मॅट्रिक अर्ध्यात राहणार.

"साहेब, मशीन डोळं वटारत न्हाई नव्हं?" त्यानं हळूच विचारलं.

"मशीनला डोळेच नाहीत!"

"मग जमंल की!" म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला.

पद्धत एकदम सोपी. एका माणसाला एक जाड कार्ड. उत्तराच्या जागी टोच्यानं भोक पाडायचं. कार्डं शहरातल्या एका संस्थेतला खोलीएवढा कॉम्प्युटर वाचणार. जो आला नसेल त्याच्या कार्डाला पहिल्या रकान्यात, डाव्या कोपऱ्यात भोक, म्हणजे 'गैरहजर'. ही युक्तीसुद्धा माझीच! बावीस पानी सूचना लिहिल्या. कसं बसायचं, टोच्या कसा धरायचा, शिंक आली तर तोंड कुठं वळवायचं. काही म्हणता काही सोडलं नाही.

दोनशे बारा हवालदार बसले. उत्साह वाढावा म्हणून स्वतः कर्नलसाहेबही बसले. संपल्यावर कार्डांचा गठ्ठा मी परसूच्या हवाली केला. "परसू, एकही कार्ड सुटं राहता कामा नये!" असा करडा हुकूम सोडून मी जेवायला घरी गेलो.

चार दिवसांनी निकाल आला तो परसूच्या टेबलावर. आमच्या कचेरीचा नियम असा, की गैरहजर माणसाला ताबडतोब नोटीस. परसूनं रात्रंदिवस टाइप करून गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. नावं न वाचताच मी सह्या ठोकत सुटलो.

"साहेब, गैरहजरांत माझंबी नाव हाय," तो चाचरत म्हणाला.

"तू बसला नव्हतास?"

"तुमच्या म्होरंच बसलो हुतो की!"

"मग काय यंत्र खोटं बोलतं?"

स्वतःची नोटीस परसूनं स्वतःच टाइप केली होती, ती स्वतःच घेतली आणि पोच म्हणून सहीही केली. मी मात्र 'आजकाल माणसांचा भरवसा नाही' असं पुटपुटत पुढच्या सहीकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी दार धाडकन उघडलं. कर्नलसाहेब! हातात नोटीस! खाली माझी झोकदार सही!

"मी गैरहजर?" ते इंग्रजीत गरजले. "तीन तास त्या मोडक्या खुर्चीवर मग कोण बसलं होतं? माझं भूत?"

दोनशे बारा माणसं आणि वर एक कर्नल, सगळेच्या सगळे गैरहजर! "आजच्या आज ते खेळणं बंद करा," साहेब म्हणाले. "सोमवारपासून पूर्वीसारख्या मुलाखती!" दाराशी उभ्या परसूचा चेहरा पांढराफटक पडला.

मी धावत संस्थेत गेलो. तिथं यंत्र चालवणारी नीरजा नावाची मुलगी होती. तिनं शांतपणे कार्डं पुढं केली. प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात एक सुबक, गोल भोक!

"लष्करी पद्धत असेल, असं मला वाटलं," ती म्हणाली. "हिरव्या दोरीत ओवून आली होती."

अय्यो देवा! फायलीला लावायचा टॅग! माझा हुकूम शिरसावंद्य मानून परसूनं कचेरीच्या पंचनं दोनशे तेरा कार्डांना भोकं पाडली होती आणि सगळी एकत्र गुंफली होती. सतरा वर्षांत त्याच्या हातून एक कागद हरवला नव्हता!

सगळं परसूवर ढकलता आलं असतं, आणि खरं सांगतो, कचेरीच्या गेटपर्यंत माझा तोच बेत होता. पण तो गेटपाशीच उभा होता. "साहेब, चूक माझी. मुलाखतीला दुसरं कुणी पाठवा, मी गावाला जातो." मला माझीच लाज वाटली. तसाच आत गेलो आणि कर्नलसाहेबांना सांगून टाकलं, "सर, हुकूम माझा, चूक माझी. एक दिवस द्या."

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "एकच दिवस," ते म्हणाले.

नीरजाला दहा मिनिटं पुरली! पहिला रकाना वाचूच नकोस, असं तिनं यंत्राला बजावलं, बस्स. संध्याकाळी यादी हातात आली. परसू, दोनशे बारांत नववा! कर्नलसाहेबही पास झाले होते, हो, नाहीतर मी आज ही गोष्ट सांगायला नसतो.

परसूला बातमी दिली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. मग अचानक त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, आता रोज पन्नास जवानांम्होरं वरडून हुकूम द्यायचा. त्येचा प्रश्न कुठल्या कार्डात हुता?"

मी बावीस पानं आठवली. कुठल्याच कार्डात नव्हता!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमच्या परसात कवायत सुरू झाली. सुभेदार परसू, पलटण मी. पहिले दोन दिवस त्याचा आवाज आमच्या मांजरालाही ऐकू गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे मिटून 'दाहिने मुड!' फेकला, आणि मी गडबडून डावीकडे वळलो.

"ओ साहेब!" परसू कडाडला. "उजवा हात कुठला त्ये ठाऊक न्हाई व्हय? इतकी वर्सं पगार कशाचा घेताय? पुन्हा! दाहिने मुड!"

एक अक्षर अडखळलं नाही! शेजारचे अण्णा कुंपणापाशी दचकून सावधान उभे राहिले, आणि मागच्या दारात अनुसूया पदर तोंडाला लावून हसत होती. परसू त्या परीक्षेत अव्वल आला. नापास एकटा मीच झालो.