पाण्याची बारी

गेल्या आषाढात एका रविवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन बाहेर आलो, तर भर पावसात देवरे अण्णा पहारीनं आमचं कंपाउंड फोडत होते!

"अण्णा! अहो, काय करताय?"

"आज तुमनी बारी शे," म्हणत अण्णांनी शांतपणे आणखी एक वीट काढली. रस्त्यावरचं गढूळ पाणी माझ्यादेखत बागेत शिरलं.

अण्णा सटाण्याकडचे. त्यांच्या गावात पाटाचं पाणी शेतांना बारीबारीनं मिळायचं आणि ते सोडायचं काम त्यांच्या वडिलांकडे होतं. अण्णांचा जन्म बँकेत गेला, पण डोक्यातली बारी काही गेली नाही. मुलानं त्यांना नाशिकला आमच्या शेजारच्या बंगल्यात आणून ठेवलं आणि स्वतः बंगळूरला गेला.

आमची गल्ली उताराची. रस्ता सिमेंटचा झाला, अंगणात फरश्या आल्या. पाऊसही आताशा पूर्वीसारखा रमतगमत पडत नाही, तासाभरात सगळा ओतून मोकळा होतो. ते सगळं पाणी जायचं शेवटच्या घरात, जोशी आजींकडे. एकदा त्यांचा गव्हाचा डबा स्वयंपाकघरातून तरंगत थेट हॉलमध्ये आला. आम्ही सगळ्यांनी महापालिकेला शिव्या दिल्या. अण्णांनी पहार घेतली.

गोची एवढीच, की गावाकडे बारीसाठी लोक भांडतात आणि इथे पाणी कुणालाच नको होतं. अण्णांना हे पटेचना. आभाळ भरून आलं की ते ज्याची बारी त्याची बेल वाजवायचे, लग्नाचं आमंत्रण द्यावं तशा थाटात. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "फुकट पानी भेटी ऱ्हायनं, तरी रडतस?" पाटलांच्या पोर्चमधली महागडी फरशी त्यांनी उखडली तेव्हा पाटील पोलिसांना फोन लावायला निघाले. अण्णा म्हणाले, "पानी भोळं शे. जठे उतार दखास, तठे जास. त्याले तुमनी फरशी काय माहीत?"

शेवटी अण्णांना आवरायला मीटिंग बोलावली. सगळे तावातावानं बोलले. मग जोशी आजी हळूच म्हणाल्या, "यंदा माझा गहू कोरडा आहे हो."

तेव्हा ठरलं, की घरटी एक शोषखड्डा खणायचा आणि रस्त्यावरचं पाणी पाइपानं त्यात सोडायचं. पुढच्याच धो धो पावसात सगळं पाणी जिरलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णांचा चेहरा मात्र पडला.

"मंग आते बारी नही?"

"नाही अण्णा. आता आराम करा."

त्यांनी छत्री उघडली आणि घरी गेले. त्यानंतर ते कुणाकडेच आले नाहीत. दिवसभर दार लावलेलं. मला फार वाईट वाटायचं, पण करायचं काय ते सुचत नव्हतं.

भाद्रपदात पुन्हा जोराचा पाऊस आला. खिडकीतून पाहतो तर आमची बायको भिजत, ओणवी होऊन, पाइपाच्या तोंडात गोणपाट कोंबत होती!

"अगं, वेड लागलं का तुला?"

"ओरडू नका. अण्णांना फोन करा. म्हणावं, पाणी तुंबलंय."

अण्णा फावडं घेऊन अनवाणीच धावत आले. मला यथेच्छ झापलं, पाटलांना हाक मारून कामाला लावलं, मध्येच दोनदा चहा घेतला. मग पाइपात हात घालून गोणपाट ओढून काढलं. मी बायकोकडे पाहिलं.

अण्णांनी ते नीट पिळलं, घडी घातली आणि बायकोच्या हातात दिलं.

"जपीसन ठेव, पोरी," ते म्हणाले. "पुढला पाऊसले बी लागी."