अमात्यांच्या तीन पायऱ्यांची बखर

श्रीरंगदेवतेस नमन, तिच्या पडद्यास नमन, आणि पडद्याची दोरी ओढणारास विशेष नमन. शके सोळाशे आणि वर काही, कोलाहलनाम संवत्सरी, वर्तमान घडले ते ऐसे जे, राज्याचे अमात्य विसाजीपंत भोजनोत्तर विडा लावीत असता अर्धांगवायूने पडले, आणि डावे अंग लाकूड जाहले, आणि जीभ अडखळू लागली. दरबारी मंडळी फार हळहळली, आणि मग ज्याने त्याने अमात्यपदासाठी आपापला अर्ज लिहावयास घेतला. रिवाज ऐसा की, दर दसऱ्यास अमात्याने सदरेच्या तीन पायऱ्या कोणाचा हात न धरता चढाव्या, तरच वर्षाचा शिक्का मिळावा. दसरा तो तोंडावर आलेला, सबब महाराजांनी कृपाळू होऊन एक वर्षाची मुदत दिधली, आणि पंतांचा जीव त्या तीन पायऱ्यांत अडकला.

मग चिमाबाई नामे सुईण, अंग चोळण्यात वाकबगार आणि तोंडाने फटकळ, तीस बोलाविले. तिने गोठ्यात दोन दावी ताणून बांधली आणि पंतांस ती धरून उभे केले, आणि पंत पडले, आणि पुन्हा उभे केले, आणि पुन्हा पडले. पंत रडकुंडीस येऊन म्हणाले, एवढ्या थोरास शेणात लोळविणे शोभत नाही. बाई बोलिली, “पोरं बी पडूनच चालाय शिकत्यात. उठा, पंत.” ऐसे अकरा महिने लोटले, आणि पंत काठी टेकीत परसापर्यंत जाऊन आले, आणि भिंतीकडे तोंड करून ढसढसा रडले. येथवर पंतांनी केले ते खरोखर थोर होते. येथेच थांबते, तर ही बखर लिहावी न लागती.

परंतु आपला पराक्रम प्रजेस कळावा ऐसे पंतांचे मनी आले, आणि नाटकमंडळीस आज्ञा जाहली. मंडळीने गोठ्याचा प्रवेश लिहून आणिला. पंतांनी आधी शेण खोडिले, मग पडणे खोडिले, मग सुईणीने अमात्य उभा केला हे बरे दिसत नाही म्हणोन चिमाबाईसही खोडिले, आणि तिचे जागी देवी घातली. देवी वरून दोरीने सोडिलेल्या पाळण्यातून उतरे, मस्तकी हात ठेवी, आणि अमात्य टुणकन उडी मारून तिन्ही पायऱ्या एका दमात चढत. मल्हारी नामे भरदार पोटऱ्यांचा नट पंतांचे सोंग घेई. नवरात्रात नऊ दिवस खेळ जाहला, आणि पंत पुढे बसोन म्हणत, हुबेहूब आहे.

मग दसरा उजाडला. पंत पालखीतून उतरले, काठी टेकिली, पहिली पायरी चढले आणि धापा टाकू लागले. प्रजा कुजबुजली. एक तंबाखूवाला मोठ्याने म्हणाला, “ह्ये न्हवं आपलं पंत. पंत उडी मारत्यात, म्या सा डाव बघितलंय.” पंत दुसरी चढले, मग तिसरी चढले, आणि टाळी एकही वाजली नाही. कडेला चिमाबाई तेवढी पदर डोळ्यांस लावून उभी होती. इतक्यात प्रजेने मल्हारीच्या नावाचा गजर केला, आणि तो सोंगानिशी तेथेच हजर होता, त्याने उडी मारिली. आकाश दणाणले. महाराज प्रजेची मर्जी ओळखणारे, त्यांनी शिक्का मल्हारीस दिधला. पंत अडखळत म्हणाले, “महाराज, मी चढलो.” महाराज कळवळून बोलिले, “चढलात खरे, पंत. पण आम्हांस पाहवले नाही.”

पुढे नव्या अमात्यांस दर दरबारी उडी मारणे भाग पडले, आणि पौष मासी त्यांचा पाय मोडला. चिमाबाईस पालखी धाडिली. तिने रिकामीच परत पाठविली, आणि निरोप दिधला की, “त्या खेळात माझं काम न्हाई. देवीला बोलवा.” मग ती नित्याप्रमाणे विसाजीपंतांच्या गोठ्यात गेली. पंत मान खाली घालून म्हणाले, ते खोडणे माझेच हातचे. बाई म्हणाली, “ठावं हाय. उठा.”

येणेप्रमाणे शिक्का नटास गेला, टाळ्या उडीस गेल्या, आणि पंतांस आपले चालणे राहिले. देवी अद्याप पाळण्यातच आहे, दोरी ओढणारा मिळत नाही. इति.