प्रिंटरचे दुसरे बारसे

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ वाजता मुकुंदराव लेले यांनी मला त्यांच्या प्रिंटरच्या बारशाला बोलावले. हे दुसरे बारसे. पहिल्यालाही मी हजर होतो.

लेले बिबवेवाडीतील आमच्या सोसायटीत माझ्या समोरच राहतात. टेलिफोन खात्यात त्यांची हयात गेली. तेथे त्यांनी माणसे क्रमांकांनी ओळखली. निवृत्तीनंतर त्यांनी आकड्यांशी उभे वैर धरले. वाय-फायवरील प्रत्येक यंत्राला घरचा राउटर एक आकडी पत्ता देतो. सामान्य माणसास तो ठाऊकही नसतो. लेल्यांना तो यंत्राचा अपमान वाटतो.

"आकड्याने कैद्याला बोलावतात, अहो. घरच्याला नावाने."

म्हणून त्यांनी प्रत्येकास नाव दिले. आडनाव सर्वांचे एकच, 'घर'. लिपी नाइलाजाने रोमन, नावे अस्सल. ऐन वेळी रुसणारा प्रिंटर 'दुर्वास.घर', दारावरचा कॅमेरा 'चौकस.घर'. माझा फोन त्यांच्या उंबऱ्याच्या आत आला की 'आगंतुक.घर' होतो. मी निषेध नोंदवला होता.

"पत्ता बदलतो, नाव बदलत नाही," हे त्यांचे ठरलेले उत्तर.

शनिवारी जुना राउटर बंद पडला. नव्यात एकही नाव नव्हते. म्हणून हा समारंभ. मी पत्ते वाचत होतो. लेले प्रत्येक नाव खड्या आवाजात उच्चारून टंकत होते. मग ते यंत्र उत्तर देते का, हे तपासत. याला ते 'ओ देणे' म्हणतात. दुर्वासाने तिसऱ्या हाकेला ओ दिली.

शेवटी लेलेवहिनींचा टॅब उरला. लेल्यांनी पुकारले, "सुलभा!"

वहिनी बारशाच्या घुगऱ्या घेऊन बाहेर आल्या. "पत्ता बदलतो, नाव बदलत नाही, नाही का? माझं तर दोन्ही बदललंत."

"अगं, लग्नात ती पद्धतच होती."

"तांदळात अंगठीने सुलभा लिहून मोकळे झालात. मला विचारलंतसुद्धा नाही. दुर्वासाचं मात्र दोनदा बारसं."

"तुझा दादा म्हणायचा की माहेरच्या नावाने, इंदू."

"दिवाळीत दादाही गेला. आता इंदू म्हणणारं कुणी उरलं नाही."

घुगऱ्यांत मीठ कमी पडले आहे, असे सांगावे त्या सुरात त्यांनी हे सांगितले. वाट्या ठेवल्या, टॅब उचलला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

लेल्यांचा हात कळफलकावर थांबला. त्यांचेच वाक्य त्यांना प्रथमच आडवे आले होते. मी घुगऱ्यांची वाटी जवळ ओढली. नावाचा वाद माझा विषय नव्हता.

त्यांनी टंकलेले 'सुलभा' पुसले. "पत्ता पुन्हा वाचा."

मी वाचला. ते एकेक अक्षर शोधून टंकू लागले. या वेळी आवाज खडा नव्हता.

"इंदू."

पडद्यावर टॅबचे उत्तर उमटायचे होते, तोच स्वयंपाकघरातून 'ओ' आली.

लेले पडद्यावरच नजर ठेवून बसले. मग म्हणाले, "चालतंय."

मी घुगऱ्या संपवल्या. आगंतुकाचे वाय-फाय बंद केले, चपला घातल्या आणि दार बाहेरून ओढून घेतले.