हवालदारांचा चातुर्मास

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाग्देवी शारदेला प्रथम वंदन करतो. ज्या कृष्णामाईच्या पाण्यावर हा देह वाढला तिचेही स्मरण करतो. आज आषाढ शुद्ध एकादशी. आजपासून चार मास श्रीहरी शयन करतात, आणि त्या निमित्ताने आमच्यासारखी माणसे कोणी कांदा, कोणी वांगे, तर कोणी दुपारची निद्रा वर्ज्य करतात. या तिथीला मला दरवर्षी एका गृहस्थांचे स्मरण होते. ते वर्षाचे आठ महिने पूर्ण निर्व्यसनी राहत आणि चातुर्मास लागला, की पहिल्याच शनिवारी बिअर पिण्यास आरंभ करीत. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत, असा संकल्प आज पूजा आटोपल्यावर केला.

त्यांचे नाव पांडुरंग जाधव. परंतु सांगलीत आमच्या आळीत त्यांना सर्व जण हवालदार म्हणत. सातारा जिल्ह्यातील ज्या गावांत घरटी एक मनुष्य पलटणीत असतो, तशा एका गावचे ते. एकाहत्तरच्या लढाईपूर्वीच निवृत्त झाले होते. पत्नी निवर्तलेली, मूलबाळ नाही. कुपवाडच्या एका कारखान्याच्या फाटकावर दिवसा पहारा करीत आणि माझ्या बिऱ्हाडाला लागून असलेल्या एका खोलीत राहत. मी त्या काळी हायस्कुलात संस्कृत शिकवीत असे आणि चातुर्मासात दुपारी चारला रामाच्या देवळात पुराण सांगत असे. दोघांच्या मध्ये एक भिंत होती, आणि ती पातळ होती.

त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे मुळाजवळ तुटलेली होती, आखूड खुंट तेवढे उरले होते. कोणी पृच्छा केली, तर उत्तर दर वेळी निराळे येई. वाण्याला त्यांनी सांगितले, की उसाच्या चरकात गेली. पोस्टमनला सांगितले, की राजस्थानात उंटाने खाल्ली. माझ्या सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा ते नम्रपणे म्हणाले, "इसरली कुठंतरी, वहिनी." त्यानंतर तिने पुन्हा विचारले नाही.

त्या काळी मद्यप्राशनास सरकारी परवाना लागे, आणि तो आरोग्यरक्षणार्थ दिला जाई. हवालदारांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, पलटणीच्या डिस्चार्ज बुकात ठेवला होता. शनिवारी सायंकाळी ते दुसऱ्यांदा स्नान करीत, दाढी करीत, पितळी गुंड्यांचा काळा कोट चढवीत आणि सायकलवर स्वार होऊन कुपवाडच्या रस्त्यावरील एका परमिट रूमकडे प्रयाण करीत. तेथील मालक आण्णाप्पा सीमेपलीकडचा, अथणीकडचा. एरवी तो कोणाचाही परवाना पाहत नसे. हवालदार मात्र दारात टाचा जुळवून उभे राहत आणि त्याने तो उलगडून, वाचून, परत दिल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. आठवड्यापूर्वी वाचलेला परवाना पुन्हा कशाला वाचायचा, असे त्याने एकदा म्हटले असता, चौकीवर रोजचा माणूसही रोजच तपासतात, असे त्यांनी त्याला सांगितले.

सैनिकांच्या कॅन्टीनमध्ये मिळणाऱ्या रमला ते स्पर्श करीत नसत. "रम थंडीची, बिअर बँडची," असा त्यांचा सिद्धान्त होता. कारण त्या परमिट रूमच्या पत्र्याच्या पडवीत चातुर्मासातील दर शनिवारी लग्नाचा बँड वाजत असे. क्लॅरिओनेट, ट्रम्पेट, पेटी आणि ड्रम, असे चौघे. चातुर्मासात लग्ने नसल्यामुळे त्यांचे जरीचे लाल कोट ट्रंकेत पडून असत; येथे ते साध्या सदऱ्यांत बसून नाट्यपदे आणि सिनेमाची गाणी वाजवीत. हवालदार समोरच्या खुर्चीवर ताठ बसत, आणि एक बाटली ते दोन तास पुरवीत. गाणे चालू असता एखाद्या टेबलावर गप्पा रंगल्या, तर ते उठून त्या टेबलापाशी सावधान स्थितीत उभे राहत. तोंडाने अक्षर काढत नसत. टेबल गप्प झाले, की म्हणत, "कान सावधान, बाकी विश्राम," आणि परत येऊन बसत. हा सर्व वृत्तान्त मला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडून कळे. ते तेथे कसे काय जातात, हे मी विचारीत नसे.

लग्नसराईत त्यांना बिअरचे स्मरणही होत नसे. तेव्हा तोच बँड गावभर वाजत असे आणि हवालदार निमंत्रणावाचून त्याच्या मागे चालत. खिशात अक्षतांची पुडी असे. ज्यांची नावे त्यांना ठाऊक नव्हती, अशा किती वधूवरांच्या मस्तकी त्यांनी अक्षता टाकल्या, हे एक श्रीहरीच जाणे. वरपक्षाला ते वधूपक्षाचे वाटत आणि वधूपक्षाला वरपक्षाचे, त्यामुळे मान दोन्हीकडून मिळे.

आता माझ्या हातून घडलेला प्रमाद सांगतो. चातुर्मासात जे इतरांनी सोडावे ते या मनुष्याने धरावे, ही गोष्ट मला पाच वर्षे भिंतीपलीकडून टोचत होती. एका आषाढी एकादशीला पुराण संपल्यावर हवालदार नमस्कारासाठी वाकले. मी त्यांना म्हणालो, की हवालदार, सगळे काहीतरी सोडतात, या वर्षी तुम्हीही आपली एखादी आवडती वस्तू सोडा. मंडळींत हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणाले, "हवालदार, बाटली सोडा, बाटली."

हवालदार हसले नाहीत. ते क्षणभर माझ्या पायांकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "हुकूम."

मी तत्काळ पळी-पंचपात्र मागविले. त्यांच्या तळहातावर पाणी घातले आणि बिअर वर्ज्य करण्याचा संकल्प स्वतः उच्चारला. तीन बोटांच्या त्या हातातून पाणी टिकत नव्हते, म्हणून पळीभर अधिक घालावे लागले. त्या रात्री मला शांत झोप लागली, हे आज सांगताना संकोच वाटतो.

शनिवार आला. भिंतीपलीकडे दुसऱ्या स्नानाचा आवाज झाला नाही. हवालदार पायरीवर बसून कोटाच्या गुंड्यांना ब्रासो लावीत होते. दुसऱ्या शनिवारी तेच. वारा कुपवाडकडून येतो आहे का, असे त्यांनी मला विचारले. मी पावसाविषयी काहीतरी उत्तर दिले. त्यांनी मान हलविली आणि चकाकणाऱ्या गुंडीला पुन्हा ब्रासो लावला.

तिसऱ्या आठवड्यात एक कृश गृहस्थ काखेत कापडी गासडी घेऊन माझ्या दाराशी आले. ते बँडमधील क्लॅरिओनेटवाले मारुती मास्तर. त्यांनी प्रथम हवालदार आजारी आहेत काय, याची चौकशी केली. मग, मी त्यांना नेम घातल्याचे ऐकले ते खरे काय, असे विचारले. खरे आहे, असे मी काहीशा समाधानाने सांगितले.

मास्तर खाली मान घालून बोलू लागले. हवालदार येईनासे झाल्यापासून पडवीत कोणी ऐकत नव्हते. अर्ध्या तासात गिऱ्हाईक उठून जाई. आण्णाप्पा आता रेकॉर्ड वाजविणारे यंत्र आणणार होता. येता शनिवार बँडचा शेवटचा; तोही मास्तर उसन्या वाद्यावर काढणार होते. त्या शनिवारांच्या आशेवरच मास्तर चातुर्मासात हमाली करीत सांगलीत टिकून राहत. आता ते बिऱ्हाड हलवून इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला जाणार होते.

"तवा ह्ये हवालदारांस्नी द्या, शास्त्रीबुवा," गासडी माझ्यापुढे सरकवीत ते म्हणाले. "त्यांचं हाय. माझ्या हातानं देववत न्हाई."

मी गासडी सोडली. आत काळ्या लाकडाची क्लॅरिओनेट होती. चांदीच्या कड्यावर पी. जाधव अशी अक्षरे कोरलेली होती.

हवालदार पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवीत, हे मला तोवर ठाऊक नव्हते; मास्तरांनी ते आता सांगितले. लढाई लागली, की बँडची माणसे वाद्ये ठेवून जखमींना वाहून आणतात. पासष्ट साली एका जखमीला आणताना त्यांची बोटे गेली. हे वाद्य त्यांनी मेरठहून स्वतःच्या पैशाने घेतलेले होते. सांगलीस येताच त्यांनी ते मारुती मास्तरांच्या हाती दिले आणि एवढेच सांगितले, "लाकूड मुकं ऱ्हायलं की चिरतं. तुमी फुका, मी ऐकतो." आठ महिने ते वरातीत वाजे. उरलेल्या चार महिन्यांसाठी त्यांनीच आण्णाप्पाला गळ घालून पडवी मिळविली होती. दर शनिवारी एक बाटली घेऊन मी समोर बसेन, हा त्याला दिलेला शब्द होता.

मी तसाच उठलो आणि गासडी घेऊन शेजारच्या दाराशी गेलो. हवालदारांनी ती पाहिली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"ते हितं कशाला आनलं?"

मी त्यांना सर्व सांगितले आणि विचारले, की हे त्या दिवशी देवळात का बोलला नाहीत?

"तुमी इचारलं न्हाई. सोडा म्हनला, सोडली."

घेतलेला संकल्प मोडा, असे सांगण्याचा अधिकार मला नव्हता, आणि त्यांनी तो मोडला नसता. मी म्हणालो, की नेम जिभेचा आहे, कानांचा नव्हे. बाटली मागवा, पुढ्यात ठेवा, पिऊ नका, आणि ऐका.

"म्होरं बाटली, कानात बँड," हवालदार म्हणाले, "आन् मी नुसता बसनार व्हय? शास्त्रीबुवा, मी शिपाई हाय, साधू न्हाई. यकल्यानं न्हाई जमायचं."

"एकट्याने कशाला?" मी म्हणालो. "मी येतो."

शनिवारी धोतराचा सोगा आवरून मी हवालदारांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसलो. खांद्यावर उपरणे, मस्तकी काळी टोपी, मांडीवर मास्तरांना परत द्यावयाची गासडी. रस्त्यात ओळखीचे दोघे भेटले. त्यांना मी नमस्कार केला, आणि कोठे निघालात, असे विचारण्यास त्यांना अवसर उरू नये, म्हणून हवालदारांनी वेग वाढविला. दारात त्यांनी टाचा जुळवून परवाना दाखविला आणि माझ्याकडे हात करून सांगितले, "ह्ये माझ्यासंगं. ह्यांस्नी परमिट न्हाई. लिंबू-सोडा."

पडवीत पाऊल टाकताच जे घडले ते मला अनपेक्षित होते. निम्मी टेबले माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची होती. सगळी पडवी उभी राहिली. एकाने पेला पाठीमागे धरून "नमस्कार सर" म्हटले, आणि त्याच्या मागे फरशीवर बिअरची धार लागली. मी बसलो, तेव्हा सगळे बसले. मग कोणी बोलेना. गुरुजन बसलेले असता उठून जाण्याची कोणाची छाती होईना, आणि माझ्यासमोर पिण्याचीही होईना. म्हणून एकेक जण पेला घेऊन खांबाआड जाई आणि ओठ पुसत परत येई. देवळात गाभाऱ्यापुढे लागते तशी त्या खांबाला रांग लागली. अर्ध्या तासात पांगणारी मंडळी भयाने दोन तास बसली. आण्णाप्पा आत-बाहेर धावत होता.

त्या शांततेत मारुती मास्तरांनी परत हाती आलेली क्लॅरिओनेट ओठी लावली. हवालदारांच्या पुढ्यात झाकण न काढलेली बाटली होती. तिच्यावर दव साचले होते. त्यांनी ती दोन्ही हातांनी उभी धरली. प्रथम मला वाटले, की मोह होतो आहे. मग पाहिले, तर त्यांची बोटे काचेवर उठत होती, बसत होती. आणि जेथे बोटे नव्हती, तेथील दोन्ही खुंटही उठत होते, बसत होते.

तिसऱ्या गाण्यात एका उंच जागी मास्तरांची क्लॅरिओनेट चिरकली. साऱ्या पडवीने ते ऐकले. हवालदारांचे खुंट त्या जागी न अडखळता पुढे गेले होते. मी दृष्टी लिंबू-सोड्याकडे वळविली.

शेवटी आण्णाप्पा हात जोडून आला. "गुरुजी दर शनिवारी येता काय?" त्याने विचारले. "येत असला तर मला ती रेकॉर्डची पेटी कशाला पाहिजे?" मी हवालदारांकडे पाहिले. ते भिंतीकडे पाहत होते. येतो, असे मी सांगितले; आणि त्या चातुर्मासातील माझे सर्व शनिवार परमिट रूममध्ये गेले. न उघडलेली बाटली ड्रमवाल्याला मिळे, आणि त्याचा परिणाम पुढील शनिवारपर्यंत तालावर राही. देवळातील मंडळींत कुजबुज झाली. मी पुराण नेहमीप्रमाणे सांगत राहिलो.

त्या पहिल्या शनिवारी मी पुन्हा कॅरिअरवर बसून परतत होतो. सायकलची साखळी तेवढी वाजत होती. मग हवालदार मागे न पाहता म्हणाले, "तिसऱ्या गान्यात मास्तर हुकला, ऐकलं न्हवं?"

ऐकले, मी म्हणालो.

"त्याला काय म्हनू नगा. लय आवघड जागा हाय ती." थोडे अंतर गेल्यावर त्यांनी पुस्ती जोडली, "मी असतो तर मी बी तितंच हुकलो असतो."

मी जे पाहिले होते ते त्यांना सांगितले नाही. कॅरिअर घट्ट धरून बसून राहिलो.

वाचकहो, शेषशायी श्रीहरी चार मास निद्रिस्त असला, तरी त्याचे कान जागे असतात, अशी माझी श्रद्धा आहे. तो तुमच्या घरादारावर कृपा ठेवो. तुमच्या घरातील कोणतेही लाकूड मुके राहून न चिरो. आणि ज्याच्या हातून वाजणे सुटले, त्याच्या शेजारी ऐकायला बसणारे कोणीतरी सदैव असो. शुभं भवतु.